व्हर्जिनियाचा तुकडा पडला कसा?

पिट्सबर्गकर: परवा लेकीला घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला गेले. १८६१ मध्ये व्हर्जिनिया अमेरिकेच्या संघातून फुटलं, तेव्हा त्या फुटीला विरोध करणारे जिथं जमले, ती कस्टम हाऊसची इमारत पाहिली. पण घटनेनुसार नवं राज्य काढायला जुन्या राज्याची संमती लागते ना? ती कुणी दिली?

ओहायोवाला: ताई, मेख तिथंच आहे. फुटीविरोधी नेते पिअरपॉन्ट यांनी व्हीलिंगलाच संघनिष्ठ ‘व्हर्जिनिया सरकार’ थाटलं. लिंकननी त्याला मानलं, त्यानंच संमती दिली. २० जून १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया अमेरिकेचं पस्तिसावं राज्य!

रेल्वेवेडा: बाल्टिमोर-ओहायो रेल्वे विसरू नका. त्या डोंगरांतला लोहमार्ग यादवी युद्धात उत्तरेला, म्हणजे संघाच्या बाजूला, हातात हवाच होता.

पिट्सबर्गकर: आभार. पण नव्या राज्यात गुलामांची सुटका टप्प्याटप्प्यानं ठरली, पूर्ण बंदी फेब्रुवारी १८६५ मध्ये. लेकीनं विचारलं, “तोवर ती माणसं कुणाची?” मला फार लागलं ते.