शब्दचर्चा : वेगांची ‘बेरीज’ की वेगांचे ‘संयोजन’?

प्रश्न (परभणी) : सापेक्षता सिद्धांतावरील मराठी लेखांत ‘प्रकाशाच्या वेगाजवळ वेगांची बेरीज होत नाही’ असे वाक्य येते आणि पुढच्याच ओळीत ‘वेगांच्या बेरजेचे सूत्र’ दिलेले असते. बेरीज होतच नसेल, तर हे सूत्र कशाचे समजावे?

उत्तर (अंबाजोगाई) : शंका रास्त आहे, घोळ शब्दाचा आहे. ‘बेरीज’ म्हणताना सगळे आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत, हे आपण न बोलता गृहीत धरतो. दोन गावांच्या पायल्या लहानमोठ्या असतील, तर इकडची तीन आणि तिकडची दोन पायली ज्वारी मिळून पाच पायली झाली, असे कोणताही शेतकरी मान्य करणार नाही. आधी तो माप विचारील. पूर्णा-नांदेड मार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत कोणी पुढच्या दिशेने ताशी ५ किलोमीटर चालत असेल, तर ८० हा आकडा रुळांलगत उभ्या असलेल्याच्या पट्टीने व घड्याळाने मोजलेला असतो आणि ५ हा डब्यातल्या. ही दोन मापे तंतोतंत जुळत नाहीत, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले. म्हणून दोन वेगांच्या गुणाकाराला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून त्यात एक मिळवावा लागतो आणि येणाऱ्या संख्येने साध्या बेरजेला भागावे लागते. आपल्या गाडीत हा भाजक एकाहून इतका किंचित मोठा असतो की वर्षभर अखंड चालत राहिले, तरी हिशेबात मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग तेवढा कमी भरतो. तेव्हा ८५ म्हणणाऱ्याला कोणी चूक ठरवू नये. मात्र दोन्ही वेग प्रकाशवेगाच्या पाऊण पट असतील, तर उत्तर दीड पट न येता ०.९६ पट येते आणि त्यांतील एक वेग प्रकाशाचाच असेल, तर उत्तरही प्रकाशाचाच वेग येते. या क्रियेला ‘संयोजन’ म्हणावे, असे माझे मत आहे. हा शब्द ऐकताच कार्यक्रमाचे संयोजक आठवतात हे खरे, परंतु त्याने गणिताची दिशाभूल होत नाही.

उपप्रश्न (लातूर) : जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन अंतराळयाने समोरासमोरून प्रत्येकी पाऊण पट प्रकाशवेगाने येत आहेत, असे आढळले, तर त्यांच्यातील अंतर दीड पट प्रकाशवेगाने घटणार नाही का?

उत्तर (अंबाजोगाई) : घटेल, आणि तेथे ‘बेरीज’ हाच शब्द अचूक आहे, कारण दोन्ही वेग एकाच निरीक्षकाने एकाच मापाने मोजले आहेत. पण तो अंतर घटण्याचा दर झाला. तो कोणत्याही वस्तूचा वेग नव्हे. एका यानात बसलेल्याने मोजलेला दुसऱ्या यानाचा वेग ०.९६ पटच भरतो, आणि ‘सापेक्ष वेग’ ही संज्ञा त्यालाच राखून ठेवावी. आपण दोहोंना सरसकट ‘सापेक्ष वेग’ म्हणतो आणि मग विद्यार्थी गोंधळला, की त्यालाच बोल लावतो.

पुरवणी (जालना) : हैदराबाद संस्थानात उर्दूतून शिकलेले माझे आजोबा बेरीज-वजाबाकीला ‘जमा-तफरीक’ म्हणत. जमा म्हटले, की रक्कम पुरतीच्या पुरती खात्यावर पडायला हवी. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझो यांनी १८५१ मध्ये वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडून पाहिला, तेव्हा पाण्याच्या वेगातला निम्म्याहून कमीच हिस्सा प्रकाशाच्या खाती जमा झाला. उरलेला कोठे गेला, याचा हिशेब जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांनी १९०७ मध्ये याच संयोजनाच्या सूत्रावरून लावला.