डिफॉल्ट लिनक्स की विंडोज? चहा ठेवायला गेलेल्या माणसाचं काय?

रात्रपाळी: "ड्युअल बूटमध्ये डिफॉल्ट लिनक्सच हवं. ज्याला विंडोज हवं त्याने दहा सेकंदांत बाणाची कळ दाबावी, तेवढं जमत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नये." एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम असल्या, की काही न निवडता आपोआप कोणती उघडावी, यावरची ही मुक्ताफळं काल वाचली आणि झोप उडाली. अहो, डिफॉल्ट तुमच्यासाठी नसतंच! तुम्ही स्क्रीनकडे टक लावून बसलेले, हवं ते निवडाल. डिफॉल्ट असतं बटण दाबून चहा ठेवायला जाणाऱ्यासाठी. आमच्याकडे ती माझी आई. तिला भिशीचा हिशेब एक्सेलमध्ये लिहायचा असतो. कप घेऊन येते तर समोर लिनक्स पासवर्ड मागत उभं. शिवाय विंडोजचं मोठं अपडेट मध्येच मशीन रीस्टार्ट करतं. डिफॉल्ट लिनक्स असेल तर गाडी भलत्याच फलाटाला लागते आणि अपडेट अर्धवट लटकतं. मी स्वतः दिवसाचे दहा तास लिनक्सवर काढतो, हे आधीच सांगतो. नाहीतर लगेच शिक्का माराल.

टर्मिनलवाला: मुक्ताफळं माझीच, आणि मागे घेणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून ११ चढत नाही. अशा मशीनवर १० डिफॉल्ट ठेवून आईला बँकेच्या साइटवर पाठवणार? भिशी लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्येही लिहिता येते.

रात्रपाळी: आमचं ११ आहे. आणि आईला लिब्रेऑफिस शिकवायला तुम्हीच या. पोहे करून ठेवतो.

खवट मालवणी: भांडताय कशाला? ग्रब, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायची यादी दाखवतो तो प्रोग्रॅम. त्याच्या फाइलीत डिफॉल्टपुढे 'सेव्हड' लिहा, सेव्हडिफॉल्ट 'ट्रू' करा, अपडेट-ग्रब ही कमांड चालवा. मागच्या वेळी जे निवडलं तेच उघडतं. अपडेटचा रीस्टार्टही विंडोजातच जातो. डिफॉल्टपुढे आकडा मात्र टाकू नका. ग्रब शून्यापासून मोजतो, यादीत वर एखादी नोंद वाढली की तुमचं '२' भलतंच काहीतरी उघडतं. मेमरी टेस्टचे निळे पट्टे बघून आमचे साडू 'व्हायरस आला' म्हणत वायर उपटून मोकळे झाले होते.

टर्मिनलवाला: सेव्हड एकट्याच्या मशीनवर ठीक. दोघे वापरत असतील तर आदल्याने काय उघडलं त्यावर रोजचा मटका. शिवाय बूटच्या फाइली बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर असतील तर ग्रबच्या बऱ्याच आवृत्त्यांना मागची निवड लिहून ठेवताच येत नाही. माझं तसंच आहे.

खवट मालवणी: तुमचं सगळंच जगावेगळं.

दूधवाला सांगलीकर: डिफॉल्ट राहू दे, त्या घड्याळाचं कोण बोलणार? आमच्या गावच्या डेअरीत सेक्रेटरीच्या पोरानं लिनक्स घातलं. रात्री मोबाइलचं नेट जोडून बसला आणि बंद करून झोपला. पहाटे पाचला संकलन सुरू, नेट नाही. विंडोज उघडलं तर घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा! बाहेर कॅनची रांग, कुणाचं लक्ष जातंय? सगळं सकाळचं दूध कालच्या सांजेला जमा झालं. एका पावतीवर आमच्या चुलत्याच्या एकाच म्हशीनं सांजेला तेरा लिटर दिलेलं. लोक म्हस बघायला यायला लागले. दहा दिवसांचं बिल निघेपर्यंत भांडणं चालली.

रात्रपाळी: बघा! म्हणून विंडोज डिफॉल्ट.

टर्मिनलवाला: काडीचा संबंध नाही. पोराने लिनक्स मुद्दाम उघडलं होतं, डिफॉल्ट काहीही असतं तरी हेच झालं असतं. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. साडेपाच तास तिथे गेले. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' १ करा आणि विंडोजला वळण लावा.

खवट मालवणी: डेअरीच्या मशीनवर रजिस्ट्रीत बोटं कशाला? लिनक्सला सांगा: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. मग तेही त्या घड्याळात स्थानिक वेळच ठेवतं. झालं.

टर्मिनलवाला: त्यानंतर तेच कमांड इशारा दाखवतं, तो वाचलात?

खवट मालवणी: वाचला. भीती आहे डेलाइट सेव्हिंगची आणि टाइम झोन बदलण्याची. भारतात बारा महिने एकच वेळ. डेअरी काय उडून जर्मनीला जाणार आहे?

म्युनिकचा मुक्काम: जर्मनीत मी आहे! इथे मार्च-ऑक्टोबरात घड्याळ तासाने सरकतं. मी लोकल ठेवलं होतं. मार्चात एका सिस्टिमने तास पुढे नेला, दुसरीनेही नेला. सोमवारी मीटिंगसाठी इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर तासभर एकटाच बसलो.

टर्मिनलवाला: घ्या. बरं, सांगलीपुरतं लोकल चालेल.

दूधवाला सांगलीकर: 'सांगलीपुरतं' म्हणजे? तुमच्या चहात पडतंय ते कुठलं दूध? तुमची यूटीसी तुम्हांला लखलाभ, आमच्या म्हशी स्थानिक वेळेवरच पान्हा सोडत्यात.

रात्रपाळी: म्हशी बाजूला ठेवा. माझ्या अपडेटच्या मुद्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

टर्मिनलवाला: अपडेटचं मान्य. ते लावायच्या आधी ग्रब-रीबूट चालवून पुढच्या वेळेपुरतं विंडोज निवडावं, असं म्हणणार होतो. पण ती निवड विंडोज उघडतानाच खर्ची पडते, अपडेटच्या रीस्टार्टपर्यंत उरत नाही, म्हणून म्हटलं नाही. आमच्या घरचा टाइमआउट, म्हणजे निवडायची मुदत, १० वरून ३० सेकंद करतो. याहून जास्त माघार नाही.

रात्रपाळी: ३० सेकंदांत चहा होत नाही.