ए-लेव्हल रिलिजस स्टडीज: एथिक्सच्या निबंधात गुण कुठे अडतात?

टेम्सकाठ:
मुलगी इंग्लंडमध्ये इयर १२ ला आहे. ए-लेव्हलला (तिथला शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम) रिलिजस स्टडीज घेतलंय, परीक्षेचं बोर्ड ओसीआर. फिलॉसॉफीच्या पेपरात ठीक चाललंय, पण एथिक्सचे (नीतिशास्त्राचे) निबंध ४० पैकी २०-२१ च्या पुढे सरकत नाहीत. शेरा दर वेळी एकच: वर्णन फार, युक्तिवाद कमी. अक्वायनस, कान्ट, बेंथम हे तत्त्वज्ञ सगळे तोंडपाठ आहेत, नोट्सही नेटक्या आहेत. मग नेमकं कमी काय पडतंय? शिवाय दोन छोटे प्रश्न. तिसऱ्या पेपराला शाळेने ख्रिश्चॅनिटी ठेवलीय, त्याऐवजी हिंदुइझम घेता येतो का? आणि उत्तरात भारतातली उदाहरणं चालतात का?

उंबरठा:
आधी गुणांची विभागणी बघा, बरंचसं उत्तर तिथेच मिळेल. तीन पेपर, प्रत्येक २ तासांचा आणि १२० गुणांचा. चारपैकी तीन निबंध लिहायचे, प्रत्येकी ४० गुण. या ४० पैकी १६ गुण ज्ञानाला (एओ-१) आणि २४ गुण विश्लेषण आणि मूल्यमापनाला (एओ-२). पाठांतर कितीही चोख असलं तरी त्याचे गुण १६ च्या वर जात नाहीत. १४ अधिक ७ बरोबर २१, तुमच्या मुलीचं बहुधा हेच होतंय.

समजा प्रश्न आला: "इच्छामरणाच्या प्रश्नात नॅचरल लॉचा काही उपयोग नाही. चर्चा करा." नॅचरल लॉ म्हणजे माणसाच्या स्वभावावरून आणि बुद्धीने योग्य-अयोग्य ठरवणारा अक्वायनसचा सिद्धांत. बहुतेक मुलं पहिलं दीड पान कायद्याचे चार स्तर, पाच प्रायमरी प्रीसेप्ट (मूळ नियम), सिंडरेसिस (चांगल्याकडे जाण्याची उपजत ओढ), खरं हित आणि आभासी हित यांत घालवतात. प्रश्नाला हात लागेपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात. इथे लागतो तो जीवरक्षणाचा प्रीसेप्ट आणि दुहेरी परिणामाचं तत्त्व (हेतू चांगला असेल तर सोबत होणारा वाईट परिणाम अटींसह मान्य). बाकीचं आत आलं तर एखाद्या वाक्यापुरतं.

नमुन्यादाखल एक परिच्छेद मराठीत देतो, म्हणजे त्याचा सांगाडा दिसेल:

"नॅचरल लॉ निरुपयोगी नाही, कारण तो डॉक्टरला सीमा आखून देतो. वेदना कमी करायला दिलेल्या मॉर्फीनने आयुष्य घटेल हे दिसत असलं तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर कृती मान्य; जीव घेण्याच्या हेतूने दिलेलं तेच मॉर्फीन अमान्य. यावर आक्षेप असा की हेतू बाहेरून कळत नाही, त्यामुळे ही सीमा कागदावरच राहते. पण डोस वेदनेच्या प्रमाणात वाढवत नेला की एकदम दिला हे नोंदींवरून दिसतं, आणि प्रमाणाची अट या तत्त्वातच आहे. म्हणून आक्षेप पुरता टिकत नाही. मात्र ज्याला असह्य वेदना नाहीत पण परावलंबी जगणं नको आहे, अशा रुग्णाला हे तत्त्व नकाराखेरीज काही देत नाही. तेवढ्यापुरतं प्रश्नातलं विधान खरं आहे."

दावा, त्यावर आक्षेप, आक्षेपाचं वजन, मग निकाल. मुलं तिसरी पायरी गाळतात. "पण पीटर सिंगरला हे मान्य नाही" असं लिहून पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. सिंगर या तत्त्वज्ञाचं मत सांगणं हे ज्ञान झालं; ते का पटतं किंवा का पटत नाही, इथून २४ गुणांचा भाग सुरू होतो. तिच्या जुन्या निबंधांत निकालाची वाक्यं एका रंगाने रंगवायला सांगा. रंग फक्त शेवटच्या परिच्छेदात दिसला तर दुखणं सापडलं.

कडुलिंब:
वरचं अगदी बरोबर. त्यात भर घालतो, कारण युक्तिवाद करूनही गुण जातात ते सिद्धांत सैल समजल्यामुळे.

सगळ्यात जास्त घोळ कान्टचा. "सगळेच खोटी वचनं देऊ लागले तर समाज बिघडेल" असं लिहिलं की झाला युटिलिटेरियनिझम (जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हा बेंथमचा सिद्धांत), कारण हा परिणामांचा हिशोब आहे. कान्टचं म्हणणं वेगळं. सगळ्यांनीच खोटी वचनं द्यायची ठरवली तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, वचन देणं ही गोष्टच उरणार नाही. नियम सर्वांना लावला की तो स्वतःलाच खोडतो. आक्षेप तर्कातल्या विसंगतीवर आहे, होणाऱ्या नुकसानीवर नाही. बिझनेस एथिक्ससाठी त्याच्या १७८५ च्या 'ग्राउंडवर्क'मधला दुकानदार पक्का करून घ्या. अजाण गिऱ्हाइकालाही तो जादा भाव लावत नाही, पण धंदा टिकावा म्हणून. कान्टच्या मते हे कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी नाही. "नीतीने वागणं धंद्याला फायद्याचं" या विधानावरचा निबंध या एका उदाहरणाभोवती उभा राहतो.

सिच्युएशन एथिक्स मांडणाऱ्या फ्लेचरच्या (१९६६) बाबतीत "परिस्थिती बघून वाटेल ते करा" असं लिहितात. त्याचं अगापे (निःस्वार्थ प्रेम) ही भावना नाही, समोरच्याचं भलं करण्याचा निर्धार आहे, मग तो माणूस आवडो न आवडो. बेंथमचे सुख मोजण्याचे सातही निकष ओळीने लिहू नयेत. प्रश्नाला लागू पडणारे दोन, समजा निश्चितता आणि व्याप्ती, घेऊन कारखाना बंद करण्याच्या निर्णयावर चालवून दाखवावेत.

कॉन्शन्सच्या (सदसद्विवेकाच्या) निबंधात पहिलं अर्धं अक्वायनस, दुसरं अर्धं फ्रॉइड आणि दोघांची गाठ कुठेच नाही, असं होतं. मुद्द्यांनुसार लिहायला लावा. अपराधीपणा येतो कुठून? चुकीच्या निर्णयाला माणूस किती जबाबदार? अक्वायनसकडे टाळता येणारं अज्ञान आणि न टाळता येणारं अज्ञान हा भेद आहे, म्हणून तो दोष मोजू शकतो. सुपरइगो (मनातला बरं-वाईट सांगणारा, दटावणारा भाग) लहानपणीच घडत असेल तर फ्रॉइडच्या चौकटीत दोष द्यायचा कुणाला, हा प्रश्न उभा राहतो. इथे दोघे खरे भिडतात.

अभ्यासक्रमातल्या जोड्याही पक्क्या हव्यात: इच्छामरणाला नॅचरल लॉ आणि सिच्युएशन एथिक्स, बिझनेसला कान्ट आणि युटिलिटेरियनिझम, सेक्शुअल एथिक्सला चौघेही.

सोनचाफा:
भारतातली उदाहरणं जरूर चालतात, फक्त ती मुद्द्याला उपयोगी पडली पाहिजेत. इच्छामरणात अरुणा शानबाग प्रकरण फार कामाचं आहे. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर हल्ला झाला आणि त्या पुढची चार दशकं तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरणाला (उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला) अटींसह तत्त्वतः वाट दिली, पण त्यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. शेजारी इंग्लंडचं टोनी ब्लँड प्रकरण ठेवा. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनी (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) नळीवाटे दिलेलं अन्न हा उपचार मानला आणि तो थांबवायला परवानगी दिली. दोन्ही रुग्ण स्वतःची इच्छा सांगू शकत नव्हते. मग निर्णय कुणाचा, आणि भरवणं हा उपचार की साधी शुश्रूषा? या दोन प्रश्नांवर अख्खा परिच्छेद होतो. प्रकरणाची हकीकत दोन ओळींतच संपवावी, तिथे रेंगाळलं की परत वर्णन सुरू होतं.

हिंदुइझम: ओसीआरमध्ये तिसऱ्या पेपराला तो पर्याय आहे, पण निवड शाळा करते. शिकवणारा शिक्षक लागतो, एकीसाठी वेगळी सोय शाळा सहसा करत नाही. शाळेने ठेवलेलाच विषय नीट करावा हे बरं.

घरी ऐकलेली गीता एथिक्सच्या पेपरात आणायचीच असेल तर निष्काम कर्म आणि कान्ट "सारखेच" असं लिहू देऊ नका. फळाची आस न धरणं दोघांकडे आहे, पण स्वधर्म माणसाच्या स्थानावरून ठरतो आणि कान्टचं कर्तव्य प्रत्येक विवेकी माणसाला सारखंच लागू. हा फरक कान्टच्या सार्वत्रिकतेवर आक्षेप म्हणून वापरता आला तरच लिहावं.

टेम्सकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. रंगवून बघितलं, रंग खरोखर शेवटच्याच परिच्छेदात आहे. ४० मिनिटांत हे सगळं बसवायचं कसं?

उंबरठा:
५ मिनिटं आराखडा, त्यात सगळ्यात आधी निकालाचं एक वाक्य. तेच प्रस्तावनेत लिहायचं. व्याख्या आणि चरित्रं नकोत, अक्वायनस तेराव्या शतकातला होता याला गुण नाहीत. मग साधारण ८ मिनिटांचा एक असे चार परिच्छेद, प्रत्येकात वरच्या चारही पायऱ्या. उरलेल्या ३ मिनिटांत समारोप, नवा मुद्दा न आणता. घड्याळ लावून पूर्ण निबंध आठवड्याला एकच लिहू दे, पण आराखडे रोज एक, पाच मिनिटांत. आणि तीन निबंध सलग दोन तासांत लिहायचा सराव मे महिन्याच्या बराच आधी सुरू करा. दुसऱ्या निबंधावर ५० मिनिटं गेली की तिसरा अर्धवट राहतो, आणि तिथे जाणारे १०-१२ गुण पहिल्या दोन निबंधांत भरून निघत नाहीत.