वजनाचा काटा हलतच नाहीये, मदत हवी आहे

चार महिने झाले, गोड बंद, तळलेलं बंद, रोज ४५ मिनिटं चालणं आणि आठवड्यातून ३ दिवस वेट ट्रेनिंग, तरी काटा ७८ वरच अडून बसलाय. गंमत म्हणजे कंबर दीड इंच कमी झालीये, मग मसल वाढल्यामुळे असं होत असेल का? थायरॉईडची टीएसएच टेस्ट नॉर्मल आली. झोप मात्र जेमतेम ५ तास, ती नडते का? आणि खरं सांगायचं तर तेल, सुकामेवा मी कधी मोजत नाही, तिथेच घोळ असावा 😅 आता कॅलरी मोजायला घेऊ की इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) आधी डॉक्टरांना दाखवू? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, फक्त "अजून कमी खा" नको, ते घरात रोज ऐकतेच.