नदीच्या उगमाकडे जाणाऱ्या रानवाटा : तुमचे अनुभव लिहा

सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटांवर पुष्कळ लिहून झालंय. इथे जरा वेगळं हवंय : जंगलातून जात नदीच्या उगमापर्यंत पोचवणाऱ्या वाटा. कोणत्या महिन्यात गेलात, पाणी नेमकं कुठे भेटलं, वाट कुठे फसवते, हे लिहा. 'अप्रतिम, एकदा तरी जायलाच हवं' एवढंच सांगायचं असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल. सुरुवात मीच करतो.

भीमाशंकरला बहुतेक जण गाडीने जातात. कोकणातून, खांडसहून चढलं की मग जंगल समजतं. शिडी घाट जवळचा, पण लोखंडी शिड्या आणि कातळाचे टप्पे पावसात शेवाळतात. तेव्हा गणपती घाटच बरा, लांबचा असला तरी. दोन्ही वाटा वर पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, एकत्र येतात आणि खरी दमछाक तिथून पुढे. शेवटच्या चढणीत झाडी इतकी दाट की दुपारीही सावलीतूनच चालावं लागतं. शेकरू दिसण्याआधी ऐकू येतं. आवाजाच्या दिशेने मान वर करून उभं राहायचं, फांद्या हलल्या की मग तांबूस शेपूट दिसते.

देवळाजवळच्या भीमेच्या उगमाचं दर्शन घेऊन लोक परत फिरतात. तिथून पूर्वेला रानातून पायवाटेने गुप्त भीमेपर्यंत जा, लुप्त झालेली भीमा पुन्हा दिसते ती जागा. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. ओढ्यात दगडच जास्त होते, पण त्यांच्या खालून पाण्याचा आवाज येत होता. पंढरपूरला जिला चंद्रभागा म्हणतात ती ही.

*

आईला घेऊन त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी केला, गोदावरीच्या उगमासाठी. जंगल म्हणून जाल तर हिरमोड होईल हे आधीच सांगते. पायथ्याशी झाडी आहे, वर बराचसा उघडा कातळ. पण कातळात खोदलेल्या त्या उंच पायऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बघायला तरी जावं. माकडं पिशव्यांवर झडप घालतात, हातात काही धरू नका. आई दर वळणावर 'गंगा कुठाय गं?' विचारायची. वर पोचल्यावर तिने ओंजळभर पाणी बघितलं आणि म्हणाली, 'एवढीशीच?' मी म्हटलं, हीच पुढे १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचा विश्वास बसला नाही. याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा पश्चिमेला वळून अरबी समुद्राला मिळते, हे सांगितल्यावर तर अजिबातच नाही!

*

मी भूजलाचं काम करतो, म्हणून एक भर. एवढ्या उंचीवर पाणी येतं कुठून, हा प्रश्न ट्रेकमध्ये हमखास निघतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे. तो सच्छिद्र, त्यामुळे पाऊस आत मुरतो. खाली चिकणमातीचा किंवा घट्ट बेसाल्टचा थर लागला की पाण्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकून डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. म्हणूनच एका डोंगरावरचे झरे बऱ्याचदा साधारण एकाच उंचीवर सापडतात. पुढच्या वेळी कडा उतरताना मधला लालसर मातीचा पट्टा शोधा. त्याच्या आसपास ओल, नेचे, शेवाळ दिसेल.

यामुळेच उगम म्हणजे एकच एक जागा असं सहसा नसतं. गोमुख आपण बांधलेलं असतं. नदी मात्र अख्ख्या उतारावरून पाझरत असते. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली सावित्री कोकणात उतरते. कोयना आधी दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. माथा एकच, पण पाणी कुठल्या बाजूला कलंडलं त्यावर समुद्र ठरतो.

*

रतनवाडीहून रतनगड. प्रवरा इथलीच. अमृतेश्वराच्या देवळापासून निघालं की वाट सुरुवातीला तिच्या पात्रातूनच आडवी-तिडवी जाते. आता या काठाला, जरा वेळाने त्या काठाला. हिवाळ्यात मजा येते, बूटही भिजत नाहीत. पावसाळ्यात मात्र वर ढग फुटला की खाली कळायच्या आत पाणी चढतं. आमच्यासोबतच्या मामांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : स्वच्छ वाहणारं पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, की पलीकडे जायचा विचार सोडायचा. परतीच्या वाटेवरही हेच. चढताना गुडघाभर असलेला ओढा संध्याकाळी कमरेला असतो. झाडीत ढोरवाटा फार आहेत, दगडांच्या लगोऱ्यांवर भिस्त ठेवू नका. हौसेनेही कुणी रचतं.

*

आंबोलीचं हिरण्यकेशी कुणी लिहिलं नाही अजून? चालणं थोडंच आहे, ट्रेक म्हणायला लाज वाटेल. गुहेतून पाणी येतं, पुढे कुंड. याच पाण्यात माशाची नवी जात सापडली आणि तिला नदीचंच नाव दिलं : शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. कुंडात साबण-शाम्पू नको, हे आता तरी सांगायला लागू नये. आणि जळवा! पावसाळ्यात मोज्यांना तंबाखूचं पाणी लावून जा. चिकटलीच तर ओढू नका, नखाने तोंडाकडून हलकेच सोडवा.

*

वरचं साबणाचं वाचलं म्हणून लिहितोय. आमचं गाव अशाच एका डोंगराच्या पदरात आहे, नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी बस येईल. वरच्या झऱ्याचं पाणी आम्ही पितो. एप्रिलनंतर तो करंगळीएवढा होतो, बायका हंडा लावून बसतात, भरायला वेळ लागतो. तिथे पोरं येऊन पाय धुतात, मॅगीची भांडी घासतात. बोललं की 'नदी सगळ्यांची आहे काका' म्हणतात. सगळ्यांची आहे, पण पहिली आमच्या घशात जाते. पाणी हवं तर बाटलीत भरून घ्या, बाजूला जाऊन वापरा. गावातल्याला सोबत घेतलंत तर वाटही चुकणार नाही आणि त्याचे दोन पैसेही होतील.

*

काका, पटलं.

एक विचारायचं होतं : कोयनेच्या खोऱ्यात उतरून चतुरबेटहून मकरंदगड करायचा विचार आहे. मुक्कामाचं काय?

*

मकरंदगडाचा मुक्काम घोणसपूर गावात, मल्लिकार्जुनाच्या देवळात करता येतो. अंथरूण-पांघरूण आपलं न्या, थंडी बेक्कार असते. त्याच दौऱ्यात वासोटा जोडायचा असेल तर तो कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीहून लाँच आणि वनखात्याची परवानगी दोन्ही लागतं, पावसाळ्यात बंद असतो आणि किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. सकाळची पहिली लाँच धरा.