मंजुरीपेक्षा जास्त मजला चढतोय: महापालिका की पोलीस?

प्रश्न: नकाशात तीन मजले मंजूर, चौथ्याचं सेंट्रिंग सुरू. रात्री अकरानंतरही काँक्रीट ओततात. तक्रार कुठे करायची?

उत्तर १: तक्रारी दोन करा. आवाजाची पोलिसांकडे, मजल्याची महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (बेकायदा बांधकामांवर कारवाईसाठी नेमलेला अधिकारी). महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस मागा, तीही आजच. स्लॅब टाकून झाला की उरतं कलम ५३, म्हणजे पाडकाम. मग माणसं राहायला येतात, कोर्टाची स्थगिती येते, प्रकरण लोंबकळतं.

उत्तर २: अर्जात सर्व्हे क्रमांक आणि तारखेसह फोटो द्या. शिक्क्याची पोच घ्याच, तिच्याशिवाय पाठपुरावा होत नाही. मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करायच्या परवानगीची) प्रत माहिती अधिकारात मागा. त्याला ३० दिवस लागू शकतात, तोवर तक्रार अडवून ठेवू नका.

उत्तर ३: आवाजासाठी पोलिसांना ११२ वर फोन करा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. मजला बेकायदा आहे की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, त्यामुळे तिथे तो वाद घालू नका. पण नोटीस निघाली की तिची प्रत बीट अंमलदाराला, म्हणजे तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला द्या. काम पुन्हा सुरू झालं तर महापालिकेला पोलीस बंदोबस्त मागता येतो.