लिमिटेड एडिशन आयशॅडो पॅलेट: बारातले मोजकेच रंग मला शोभतात, घेऊ की नको?

पर्वरीकरीण

माझी मामेबहीण शारजाहून चवथीला आली ती एका परदेशी कंपनीच्या लिमिटेड एडिशन पॅलेटचे दोन नग घेऊन. एक तिचं, दुसरं कोणाला हवं असेल त्याला, घेतलं त्याच भावात. आपल्या पैशांत साडेतीन हजारांच्या आसपास. तिचं उघडलेलं पॅलेट मी माझ्या ब्रशांनी लावून बघतेय. रविवारी ती परत जाणार, तोवर हो-नाही सांगायचंय.

बारा रंग, सगळे अंगावर घालून मिरवता येतील असे. मोरपिशी नाही, भडक निळा नाही. पण कंपनी 'रोज लावता येतील' म्हणते, ते कोणाच्या रोजबद्दल? माझा रोज म्हणजे पर्वरीहून पणजीला स्कूटर, डोक्यावर हेल्मेट, मांडवीचा पूल, आणि मग दिवसभर बँकेच्या काउंटरवर. एसी आहे, पण तो मॅनेजरच्या केबिनला जास्त लागतो. वर्ण गव्हाळपेक्षा सावळ्याकडे झुकणारा. पापण्या तेलकट, आणि डोळा उघडला की अर्धी पापणी घडीत जाते.

पहिल्या ओळीत बिस्किटी, पांढरट क्रीम आणि फिकट पीच, तिन्ही मॅट, म्हणजे बिनचमकीचे. डबीत इतके गोड दिसतात की त्यांच्यासाठीच घ्यावंसं वाटतं. माझ्या पापणीवर मात्र पिठाच्या हातांनी डोळे चोळल्यासारखं झालं. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "ताप आलाय का गो?"

दुसरी ओळ मात्र कमाल. विटकरी, आबोली आणि मातकट तपकिरी. आबोली म्हणजे खरंच आबोली, गजऱ्यातली. मंगेशीला जाताना गुलबक्षी साडीवर लावली, केसात तसाच गजरा होता, आणि मावसवहिनीने दोनदा वळून पाहिलं. (ती सहजासहजी वळून बघत नाही.) विटकरी ऑफिसलाही चालतो, नुसता घडीत फिरवला की डोळे जागे दिसतात.

चमकदार रंगांपैकी ब्राँझ बोटाने लावला तर छान बसतो. ब्रशने लावला तर निम्मा गालावर. शॅम्पेन आणि गुलाबी-सोनेरी हे माझ्या डोळ्यांवर सारखेच दिसतात, दोन का दिलेत कळत नाही. शेवटच्या ओळीतल्या मॉव्हचा (फिकट जांभळा) राखी डाग होतो, वांगी रंग रात्रीच्या लग्नाला बरा. ऑलिव्हकडून काही अपेक्षा नव्हती, पण काजळाच्या वर बारीक रेघ ओढली तर हाच सगळ्यात जास्त आवडला.

म्हणजे मनापासून लावीन असे विटकरी, आबोली, ब्राँझ आणि ऑलिव्ह. फिकट रंगांचं काही करता येतं का? आपल्या दमट हवेत असं पॅलेट टिकतं का? आणि पुन्हा मिळणार नाही या एका गोष्टीने हात शिवशिवतोय, त्यावर कोणीतरी पाणी ओता.

मडगावची ब्रशवाली

मी नवऱ्या सजवते, त्यामुळे तुझा तो पिठाचा प्रकार दर सीझनला बघते. फिकट मॅट थेट पापणीवर लावू नकोस. आधी विटकरी किंवा मातकट रंग पातळ पसरव, आणि बिस्किटी फक्त भुवईच्या हाडाखाली, तोही ब्रश झटकून. पांढरट क्रीम डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टिंबभर. तेवढंच त्याचं काम. पापणीभर लावायचा रंग तो नव्हेच, निदान आपल्या वर्णावर.

पापणी घडीत जाते त्यांनी डोळे मिटून रंग लावला की सगळी मेहनत आत गडप होते. आरसा समोर धर, डोळे उघडे ठेव, सरळ बघ, आणि विटकरी घडीच्या किंचित वर लाव. डोळे मिटल्यावर रंग जास्त वर गेल्यासारखा वाटेल, वाटू दे.

घामासाठी: सकाळी पापणीवर क्रीम किंवा सनस्क्रीन चोपडून लगेच आयशॅडो लावलीस तर ती पुलाच्या अलीकडेच घडीत गोळा होणार. पापणी टिपून घे, प्राइमर (रंग धरून ठेवणारं क्रीम) अगदी पातळ लाव, तो बसू दे, वर त्वचेच्या रंगाची पावडर हलकेच फिरव, मग रंग. आणि डोळे आधी, फाउंडेशन नंतर. मग ब्राँझ गालावर सांडला तरी पुसून टाकता येतो.

ऑलिव्हबद्दल अगदी बरोबर. चुड्याच्या दिवशी हातात हिरव्या बांगड्या असतात तेव्हा मी नवरीला तीच बारीक रेघ देते. फोटोत सुंदर दिसते, आणि डोळ्यांवर हिरवं काही लावलंय हे सासूच्या लक्षात येत नाही.

वेर्णा_लॅब

वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे रंगांपेक्षा मागचं लेबल आधी वाचते.

फिकट रंगांची राख का होते ते सांगते. फिकट मॅट रंगात टॅल्क आणि टिटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं. टिटॅनियम डायऑक्साइड पांढरं आणि झाकणारं, खालची त्वचा दिसू देत नाही, म्हणून सावळ्या वर्णावर करडा थर दिसतो. विटकरी, मातकट हे बहुतेक लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, तांबडं, पिवळं आणि काळं ऑक्साइड मिसळून केलेले. आपल्या त्वचेच्या छटाही त्याच घरातल्या, म्हणून ते मुरल्यासारखे दिसतात. चमकदार रंगात अभ्रकाच्या पातळ चकत्या असतात. त्या बोटाने दाबल्या की सपाट बसतात आणि उजेड परततो, फुगीर ब्रशने मात्र उडतात.

टिकण्याचं: दाबून बसवलेल्या पावडरीत पाणी जवळजवळ नसतं, म्हणून बुरशीला सहसा तिथे थारा मिळत नाही. पाणी आपणच नेतो. ओला ब्रश डबीत घालू नकोस. चमक वाढवायला ओला करायचाच असेल तर आधी रंग उचल, मग ब्रशवर फवारा मार. न्हाणीघरात ठेवू नकोस. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते त्या घरात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेव.

बोटाने ब्राँझ घेतेस, तर काही दिवसांनी वर गुळगुळीत चकचकीत थर येईल आणि रंग निघेनासा होईल. तो त्वचेच्या तेलाचा. चिकटपट्टी हलकेच लावून उचल, खालचा रंग मोकळा होतो.

बॉक्सच्या मागे उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र असतं, त्यात १२एम किंवा २४एम लिहिलेलं. उघडल्यापासून तेवढे महिने. तुला मिळेल ते न उघडलेलं आहे, तर उघडशील ती तारीख मागे लिहून ठेव. आणि बहिणीचं पॅलेट परत देण्याआधी वरचा थर टिश्यूने पुसून दे. ब्रश तुझे असले तरी बोट तुझंच होतं.

फोंड्याची काकू

घरी कडक शाकाहारी कोणी असेल तर घटकांत सीआय ७५४७० हा रंगाचा क्रमांक आहे का बघ. ते कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. गुलाबी-वांगी छटांत बऱ्याचदा असतो. आमच्या सूनबाईने हे वाचलं आणि देवळात जाताना लावायची लिपस्टिक बदलली. मला काही फरक पडत नाही, मी काजळावर खूश. तेही नामांकित कंपनीचं, सुट्टा सुरमा नाही. त्यात शिसं निघतं.

बाकी साडेतीन हजारांत चार रंग म्हणजे एक रंग नऊशेला पडला गो. सुटे चार घे, कमीत येतील.

वेर्णा_लॅब

काकू, हिशोब बरोबर. फक्त सुटे घेताना बाजारातल्या फळीवर मांडलेले 'सेम टू सेम' नकोत. इथे कायदेशीर आयात झालेल्या मालावर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता असतो. तो नसेल तर डोळ्याजवळ नेऊ नये. बहिणीने स्वतः बाहेरून आणलेल्या नगावर हे नसणारच, तो वेगळा प्रकार.

सांतिनेजकार

मी पुरुष, पण बायकोच्या ड्रॉवरमुळे या विषयात डिग्री मिळाल्यासारखी आहे. हात शिवशिवण्यावर पाणी: अर्बन डिके या मेकअप कंपनीचं पहिलं नेकेड पॅलेट २०१० मध्ये आलं, सगळे तपकिरी-सोनेरी रंग, आणि त्याची लाट आली. ते काही लिमिटेड नव्हतं, तरी २०१८ मध्ये कंपनीने बंद केलं. त्याने तपकिरी आयशॅडोंचा दुष्काळ पडला का? उलट प्रत्येक कंपनीने तेच काढलं. तुमचे विटकरी आणि ब्राँझ कुठेही मिळतील. लिमिटेड असतं ते बहुतेक वेळा खोकं आणि झाकणावरची नक्षी. आमच्याकडे अशी नक्षी बरीच जमा झालीय.

पर्वरीकरीण

सगळ्यांना देव बरें करूं. काल ब्रशवालीच्या पद्धतीने डोळे उघडे ठेवून विटकरी लावला आणि संध्याकाळपर्यंत राहिला, हेल्मेटसकट. बिस्किटी भुवईखाली चालतो, हेही पटलं. लेबल पाहिलं: गुलाबी-सोनेरी आणि वांगी दोन्हींत ७५४७० आहे, माझ्या चारांत नाही.

बहिणीला नको म्हणून सांगितलं. तिने लगेच आमच्या धाकट्या मामीला विकलं, मामी गोरी आहे, तिला पहिली ओळ शोभेल. विटकरी, ब्राँझ आणि ऑलिव्ह सुटे शोधते. आबोलीचं मात्र अडलंय. पणजीत दोन दुकानांत दाखवलेला पीच फारच गुलाबी होता, तिसऱ्याने थेट नारिंगी दिला. ब्रशवाली, तू काय वापरतेस?

मडगावची ब्रशवाली

तयार आबोली मीही शोधत बसत नाही. मॅट नारिंगीत विटकरी मिसळते, नारिंगी जास्त, आणि वर तुझ्या त्या नावडत्या पीचसारखा कुठलाही फिकट रंग चिमूटभर. आधी मनगटावर घे आणि उन्हात जाऊन बघ, दुकानाच्या पिवळ्या दिव्यात तो कधीच कळत नाही. नारिंगी मॅटच घे गो, चमकीचा घेतलास तर आबोली होणार नाही.